थोरल्याला टाकी

पठारावर खाली बसून करायचं काम सकाळी नऊच्या आत उरकावं लागायचं. त्यानंतर कातळ असा तापायचा की पायात चप्पल असूनही पाय उचलून उचलून चालावं लागायचं. म्हणून टाकीवाल्यांची सून उजाडायच्या आधीच घर सोडायची. डोक्यावर पाण्याची कळशी, हातात दोन मऊ ब्रश आणि बांबूच्या कामट्यांचा जुडगा. वर लोखंडाचं काही न्यायचं नाही, खिळासुद्धा नाही, असं कॅमेरावाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"एक ओरखडा उठला तरी पंचाईत," बाई म्हणाल्या होत्या. "दगड घासायचा नाही. पुसायचा."

हे सांगितलं तेव्हा कामाला चार बायका होत्या. दगड पुसायचा म्हणजे गुडघ्यावर रांगायचं, हे कळल्यावर त्यातल्या दोघी तिसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसरीला ऊन लागलं. राहिली ती सून. तिचे गुडघे काही वेगळ्या मातीचे नव्हते, पण घरी बसून त्यांना कोणी खायला घालणार नव्हतं.

पठाराच्या कातळावर चित्रं कोरलेली होती. मासे होते, पावलं होती, गोल गोल वेटोळी होती, हात वर केलेला एक माणूस होता. आणि मधोमध एक भलंमोठं जनावर होतं, चार माणसं एकापुढे एक झोपवली तर पुरतील एवढं. ते कोणतं जनावर यावर गावाचं कधी एकमत झालं नाही. गुराखी म्हणायचे गाय आहे, शिकारी म्हणायचे वाघ आहे, आणि ज्यांना काहीच माहीत नव्हतं ते सर्वांत मोठ्यानं बोलायचे. सगळे त्याला थोरला म्हणायचे. कोणी कोरलं, कधी कोरलं, हे विचारायची कोणाला गरज पडली नव्हती. आता बाई आल्या होत्या, आणि पाऊस लागून कातळावर शेवाळ धरायच्या आत त्यांना सगळ्याचे फोटो हवे होते.

फोटो म्हणजे किती, तर एका माशाचे तीनशे.

"बाई, लग्नातसुद्धा नवरीचे एवढे काढत नाहीत," सून पहिल्या आठवड्यात म्हणाली होती.

बाई हसल्या होत्या. त्या फार हसत नसत. दिवसभर वाकून त्यांचीही पाठ धरलेली असायची. "प्रत्येक फोटोत मागच्या फोटोचा अर्ध्याहून जास्त भाग यायला हवा. मग संगणक ते सगळे एकमेकांत बसवतो आणि दगड जसाच्या तसा उभा करतो. खोली, उंची, खड्डे, सगळं."

"म्हणजे कौलं घातल्यासारखं. एक कौल दुसऱ्यावर चढवायचं, नाहीतर घर गळतं."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या, आणि तेव्हापासून सुनेशी जरा जास्त बोलायला लागल्या.

बाईंबरोबर एक ड्रोनवाला होता. पन्नाशीचा, जाडजूड, छत्रीशिवाय न दिसणारा. त्याचं यंत्र सकाळी भुणभुण करत वर जायचं आणि जरा वारा सुटला की खाली येऊन बसायचं. मग तो वाऱ्याला शिव्या द्यायचा. पठारावर वारा सुटणारच, हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

सुनेचं काम ठरलेलं होतं. चित्रातली माती ब्रशनं काढायची, खाचेत अडकलेली मुळं कामटीनं सोडवायची, पाण्याचा फवारा मारून वाळू द्यायचं. मग काळीपांढरी पट्टी आणि नंबरांच्या चकत्या बाई सांगतील तिथं ठेवायच्या. बाई फोटो काढत सरकायच्या तशी मोठी पांढरी चादर धरून सावली करत त्यांच्यामागं सरकायचं. हात वर धरून खांदे भरून यायचे. घामाचा थेंब दगडावर पडला की बाई थांबायच्या, तो वाळेपर्यंत दोघी तशाच उभ्या राहायच्या.

अशाच एका थेंबाच्या वेळी बाईंनी राखणदारीची गोष्ट काढली होती. पुरातत्त्वाच्या कचेरीच्या यादीत ही जागा लागली, तर इथं बारमाही एक राखणदार नेमतील. पक्की नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार.

"मी तुझं नाव देईन," बाई म्हणाल्या. "पण जागा यादीत लागली तर. मासे आणि पावलं पलीकडच्या डोंगरांवरही सापडलीत, त्याचं कचेरीतल्या साहेबांना काही वाटणार नाही. त्यांना काहीतरी मोठं लागतं. सगळं थोरल्यावर आहे."

त्या दिवसापासून सून थोरल्याजवळून जाताना पाय लागू नये अशी जायची.

*

घरात माणसं तीन. नवरा खाणीत दगड भरायचा. पाच महिन्यांपूर्वी घसरलेल्या चिऱ्याखाली त्याची कंबर सापडली. चिरा उचलला, माणूस वाचला, पण डॉक्टरांनी सांगितलं की आता आयुष्यात पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. खाणीच्या मालकानं दोनदा येऊन विचारपूस केली आणि तिसऱ्यांदा रस्ता बदलला. गरज सरो, वैद्य मरो. आता नवरा खाटेवर असायचा, आणि चांगल्या दिवशी भिंतीला टेकून अर्धा तास बसायचा.

दुसरे म्हणजे सासरे, आबा. जात्याला टाकी लावणारे. दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत झाला की पीठ पडायचं बंद होतं. मग छिन्नीनं टिचके मारून त्याला पुन्हा दात काढावे लागतात. चाळीस वर्षं आबांनी गावोगाव फिरून तेच केलं. पुढं घरोघरी जाती कोपऱ्यात गेली, आणि आबाही. हाताला कंप सुटला होता. चहाचा कप तोंडाशी नेईपर्यंत निम्मा बशीत यायचा. छिन्न्या आणि हातोडी मात्र तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची, आणि दर आठवड्याला ते फडकं उघडून पुन्हा बांधायचे.

थोरल्याचे पहिले फोटो काढले त्या दिवशी सून उन्हं कलल्यावर घरी आली आणि कळशी न उतरवताच उंबऱ्यात बसली.

"काय झालं?" नवऱ्यानं खाटेवरून विचारलं.

झालं असं होतं की बाईंनी थोरल्याचे चारशे फोटो काढून पाहिले होते. चाचणी म्हणून. तंबूत संगणकावर तो करड्या रंगाचा उभा राहिला. पाठ होती, शेपूट होतं, मानही होती. पण पोटाची रेघ मध्येच विरून गेली होती आणि मागचा पाय जवळजवळ नव्हताच. गुरांच्या खुरांनी आणि इतक्या वर्षांच्या पाण्यानं दगड झिजला होता. बाईंनी चित्र इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं, डोळे चोळले.

"पोट उठत नाही," त्या म्हणाल्या. "एवढंच दाखवलं तर साहेब म्हणतील दगडाला तडा गेलाय. परवा ते येणार. उद्या दुपारी आम्ही नव्या बॅटऱ्या घेऊन येतो, संध्याकाळच्या तिरक्या उन्हात पुन्हा काढून बघू." आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "जरा उठून दिसलं असतं ना, तर काम झालं असतं."

सुनेनं हे सगळं सांगितलं. नवरा आढ्याकडे बघत राहिला. आबा बशीतला चहा पुन्हा कपात ओतत होते.

"आबा," सून म्हणाली, "तुम्ही थोरल्याला टाकी लावाल?"

आबांनी कप खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

"पोट आणि मागचा पाय. रेघ आहे तिथंच, नुसती झिजलीय. झिजलेल्या दगडाला दात काढायचं कामच तुमचं."

"त्या बाईंनी लोखंड नको म्हणून सांगितलंय ना?"

"ओरखडा नको म्हणाल्या. ते आमच्यासारख्यांना. चार बायका तारेचे ब्रश घेऊन घासतील म्हणून. तुमचा हात ओरखडा काढतो का कधी?"

आबांना हे पटलं. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एकही जातं फुटलं नव्हतं, आणि हे ऐकवायला ते कोणालाही सोडत नसत. तरी मान हलवून म्हणाले, "नाही. दुसऱ्याच्या कामात टाकी घालायची नसते. जात्याला लावतो ती जात्याची मालकीण सांगते म्हणून. याचा मालक कुठं आहे?"

"मेला असेल कधीच."

"म्हणूनच. त्याला विचारता येत नाही."

सून आणखी काही बोलणार, तेवढ्यात नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ घरात सगळ्यांना माहीत होता. ती उठली. त्याच्या काखेत हात घालून त्याला बसतं केलं, मग उभं केलं. त्याचं सगळं वजन तिच्या मानेवर आलं. दिवसभर चादर धरून भरून आलेले तिचे खांदे थरथरत होते. दोन पावलांवर पायजमा घसरला, आणि तो सावरायला दोघांपैकी एकाचाही हात मोकळा नव्हता. आबा उठले, त्यांनी मुलाचा पायजमा वर ओढून नाडी धरली. हात कापत असल्यामुळं गाठ काही बसेना. तिघं तसेच मोरीपर्यंत गेले.

परत खाटेवर आडवं झाल्यावर नवऱ्यानं भिंतीकडे तोंड केलं. तो रडत होता की नाही हे बघायला कोणी वाकलं नाही.

आबांनी फळीवरचं तेलाचं फडकं काढलं. "उजाडताना निघू," ते म्हणाले. "ऊन चढल्यावर माझ्यानं बसवणार नाही."

*

सकाळी आबांनी आधी छिन्नी काढलीच नाही. थोरल्याच्या पोटापाशी उकिडवे बसले आणि डोळे मिटून रेघेवरून बोट फिरवत राहिले. बोट कापत होतं. सून उभी राहून खालच्या वाटेकडे बघत होती. बाई दुपारशिवाय येणार नाहीत हे माहीत असूनही बघत होती.

"डावखुरा होता गडी," आबा म्हणाले.

"कोण?"

"हा. ज्यानं हे केलं तो. घाव सगळे या बाजूनं पडलेत. आणि पाठ एका दमात केलीय. इथं पायाशी आला तेव्हा दमला होता. घाव उथळ झालेत." ते जरा वेळ तसेच बसले. "मीसुद्धा शेवटच्या फेऱ्याला दमायचो. पण हा बऱ्यापैकी कामाचा होता."

मग त्यांनी छिन्नी टेकवली, हातोडी उचलली, आणि हाताचा कंप थांबला. सुनेनं तो पुन्हा सुरू होईल म्हणून वाट पाहिली. नाही झाला. टिक, टिक, टिक, एका लयीत टिचके पडायला लागले. प्रत्येक टिचक्याला कण्या उडायच्या आणि खालून पांढरा दगड दिसायचा. आबा दर वितीला थांबून फुंकर मारायचे, बोट फिरवायचे आणि पुढं सरकायचे. सुनेच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सासऱ्याला काम करताना तिनं आज पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि तिला त्यांचा फार अभिमान वाटला.

पोट झालं. पाय झाला. मग आबांनाच राहवेना, म्हणून मानही झाली आणि पाठीवरून एक हात फिरला. पोटाच्या आत मात्र बोट फिरवून ते थांबले.

"इथं आणखी रेघा आहेत. बारीक. पण त्या काय आहेत ते कळत नाही."

"मग लावा त्यांनाही."

"न कळलेल्या रेघेला हात लावू नये," आबा म्हणाले, आणि छिन्न्या पुसायला लागले.

ऊन चढलं होतं. उठताना त्यांचे गुडघे उघडेनात, सुनेनं त्यांनाही काखेत हात घालून उभं केलं. दोघं जरा मागं सरून बघत राहिले. काळ्या कातळावर पांढराशुभ्र थोरला. चारी पाय, भरलेलं पोट, वळलेली मान. गाय नव्हती, वाघ तर नव्हताच. एवढं सुंदर काही आपल्या पायाखाली होतं हे सुनेला माहीतच नव्हतं. आता नोकरी कुठं जात नाही, असं तिला वाटलं.

*

दुपार कलल्यावर बाई आणि ड्रोनवाला वर आले. सून तंबूपाशी उभी होती. बाई अजून लांबच होत्या तोवर तिनं विचारलं, "बाई, आता उठून दिसतंय ना?"

बाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं. मग थोरल्याकडे. खांद्यावरची बॅग त्यांनी हळूच खाली ठेवली. थोरल्यापर्यंत चालत गेल्या, वाकल्या, रेघेत बोट घालून बाहेर काढलं. बोटाला दगडाचं पांढरं पीठ लागलं होतं. तापलेल्या कातळावर तशाच बसल्या.

ड्रोनवाल्यानं छत्री मिटली. "पांढरा धोप केलाय," तो म्हणाला. नेहमीसारख्या शिव्या मात्र त्यानं दिल्या नाहीत.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "दगडाला कातडी असते. शेकडो, हजारो वर्षं ऊन-पाऊस खाऊन ती काळी होते. रेघेच्या आतसुद्धा तशीच काळी. तोच त्याचा जन्माचा दाखला. त्यावरूनच मी सांगू शकते की हे जुनं आहे." त्यांनी बोटाचं पीठ साडीला नाही, रुमालाला पुसलं. घडी घातली आणि रुमाल पिशवीत ठेवला. "आता हे आजचं आहे. आज सकाळचं."

सुनेला आता कळलं. करायला गेलो काय आणि झालं काय.

तंबूत बाईंनी कालचे फोटो आणि आजचे फोटो एकावर एक घातले. जिथं दगड कमी झाला होता तिथं यंत्र लाल रंग दाखवायचं. थोरल्याचं पोट लाल झालं, पाय लाल, मान लाल. आबांचा प्रत्येक टिचका वेगळा मोजता येत होता, सगळे सारख्या अंतरावर, सारख्या खोलीचे. "कोणीतरी कसबी आहे," ड्रोनवाला म्हणाला.

"तुला माहीत होतं?" बाईंनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

"नाही," सून म्हणाली.

जरा उठून दिसलं असतं तर, असं काल आपणच म्हणालो होतो, हे बाईंना आठवत होतं की नाही कोण जाणे. पण दिवेलागणीपर्यंत त्यांनी सुनेला एकही काम सांगितलं नाही, आणि सून चादर पोटाशी धरून उभीच्या उभी राहिली.

*

दुसऱ्या दिवशी साहेब जीपमधून आले. थोरल्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "हा गुन्हा आहे. ज्यानं केलं त्याला मी आत घालणार. कोण आहे?"

सुनेनं तोंड उघडलं होतं. हे तिच्या बाजूनं सांगायला हवं, खरोखर उघडलं होतं. पण तेवढ्यात वाटेवरून आबा आले. एवढी चढण ते एकटेच चढून आले होते. छाती भात्यासारखी चालली होती. काखेत तेलाचं फडकं होतं.

"माझा हात आहे साहेब हा," ते म्हणाले.

"कोण तू?"

"टाकीवाला. हिचा सासरा."

साहेबांनी सुनेकडे पाहिलं. "हिनं सांगितलं?"

"हिला काय कळतंय त्यातलं? माझं मीच केलं. दगड झिजला होता, मला बघवेना."

"बघवेना म्हणजे? ए म्हाताऱ्या, तुझ्या घरचं जातं आहे का ते?"

"घरचं असतं तर याहून बरं केलं असतं," आबा म्हणाले. त्यांना खरंच तसं म्हणायचं होतं. पण साहेबांना तो उद्धटपणा वाटला, आणि मग ते जे बोलले ते एवढ्या वयाच्या माणसाला बोलायचं नसतं. आबा मान खाली घालून उभे राहिले. सुनेकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. तिनं पुन्हा बोलायला तोंड उघडलं तेव्हा ते मोठ्यानं खोकले, आणि खोकतच राहिले.

सून गप्प बसली. खाटेवरच्या माणसाचं तोंड तिला दिसत होतं, आणि साहेबांची जीप दिसत होती. तिला स्वतःची शिसारी आली, तरीही ती गप्पच बसली.

शेवटी बाई मध्ये पडल्या. परवाचे चाचणीचे फोटो आहेत, त्यात थोरला टाकी लागायच्या आधीचा आहे. आणि पोटाच्या आतल्या रेघांना हात लागलेला नाही. तिथं जुनी काळी कातडी तशीच आहे. तेवढ्यावर वय काढता येईल, जागा यादीत घेता येईल.

"त्या का सोडल्या?" साहेबांनी आबांना विचारलं.

"कळल्या नाहीत, म्हणून."

साहेब जरा निवले. म्हाताऱ्याला तुरुंगात घालून त्यांनाही काही मिळणार नव्हतं, वर कागद वाढले असते. त्यांनी कागद मागवला. टाकीवाल्यानं या जागेच्या शंभर पावलांच्या आत यायचं नाही, आल्यास कारवाई. आबांनी अंगठा दिला. अंगठा कापत होता, ठसा फाकला, पुन्हा घ्यावा लागला. छिन्न्या आणि हातोडी पुरावा म्हणून जप्त झाली.

"तेल लावत जा साहेब," आबा म्हणाले. "आठवड्यातनं एकदा. नाहीतर गंज धरतो."

साहेबांनी फडकं जीपमध्ये टाकलं. बाईंना म्हणाले, "यादीत घालू. पण आता राखणदार आधी नेमावा लागेल. आज हा, उद्या आणखी कोणी. माणूस आहे का?"

बाईंनी कॅमेरा बॅगेत ठेवून चेन लावली. मग सुनेकडे बोट केलं.

"या घरातली?" साहेब म्हणाले. "म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या."

"तीन आठवडे ती गुडघ्यावर काम करतेय. तिच्या हातून एक ओरखडा उठला नाही," बाई म्हणाल्या. सुनेकडे न बघता त्या कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन लावत होत्या. ती आधीच लागलेली होती.

साहेबांनी विचार केला. "ठीक आहे. म्हाताऱ्यावर घरातल्या घरात नजर राहील."

*

घरी आल्यावर सून कडाडली. "का घेतलं अंगावर? मी सांगितलं होतं ना तुम्हाला? तुम्ही तर नको म्हणत होता!"

आबा चूळ भरत होते. भरून झाली, मग म्हणाले, "जातं फुटलं तर टाकीवाला म्हणतो का, की मालकिणीनं लाव म्हणून सांगितलं? हात ज्याचा, काम त्याचं."

"पण मला नोकरी मिळाली त्यात!"

"मग त्यासाठीच तर गेलो होतो आपण," आबा म्हणाले. त्यांना यात रडण्यासारखं काय आहे ते कळेना. खाटेवरून नवरा म्हणाला, "गप बस आता. झाकली मूठ सव्वा लाखाची." सुनेनं हातातलं भांडं त्याच्या दिशेनं फेकलं. लागलं नाही. मग तीच उचलायला गेली.

बाई आणि ड्रोनवाला आपले तंबू गुंडाळून गेले. जाताना बाईंनी सुनेला थोरल्याचा एक कागद दिला, टाकीच्या आधीचा, करड्या रंगाचा, अर्ध्या पोटाचा. तो तिनं कपाटात कपड्यांच्या खाली ठेवला.

पुढच्या महिन्यात हुकूम आला. जाडा खाकी शर्ट आला, शिट्टी आली. पहिल्या दिवशी पाटी लावायला साहेब स्वतः आले. दोन माणसांनी शंभर पावलं मोजून चारी बाजूंना चुना फासलेले दगड मांडले. पाटीवर काय करू नये याची यादी होती. साहेब सुनेला ती वाचून दाखवत होते आणि ती शर्टाचं वरचं बटण लावायचा प्रयत्न करत होती. बटणाचं भोक लहान होतं.

दुपारी वाटेवर आबा दिसले. हातात जेवणाचा डबा होता. राखणदारानं जागा सोडायची नाही, आणि डबा आणायला घरात दुसरं चालतं माणूस नव्हतं. ते सावकाश चढत आले. साहेब बोलायचे थांबले. दगड मांडणारी माणसंही थांबली. सगळ्यांनी आधी आबांकडे पाहिलं आणि मग सुनेकडे.

आबांनाही ते कळलं. ते आपणहून उभे राहिले. चुन्याचे दगड त्यांना लांबून नीट दिसत नव्हते. अंदाजानं थांबले होते. डबा पायाशी ठेवून मोठ्यानं म्हणाले, "इथं चालेल ना?"

चालणार नव्हतं. ते दगडांच्या आत आले होते. आता बोलायचं काम साहेबांचं नव्हतं.

"आबा," सून म्हणाली. मग शिट्टी मुठीत धरून तिनं पुन्हा हाक मारली. "आबा, अजून मागं."

"किती?"

"चार पावलं."

आबा वळले नाहीत. तिच्याकडे तोंड ठेवूनच, टाच मागं चाचपत, उतारावर एकेक पाऊल टाकत गेले. एक, दोन, तीन, चार, असं मोठ्यानं मोजलंही.

"बघ," ते म्हणाले, "झाली का?"

"झाली," सून म्हणाली.